पाचवी सुई

सुई हातातून निसटली की आजही माझ्या तोंडचं पाणी पळतं. परवा नातीच्या फ्रॉकला बटण लावत होते, सुई पडली, आणि मी अख्ख्या घराला पाय वर घेऊन पलंगावर बसवलं. सून म्हणाली, "आई, मिळेल हो, आधी चहा घ्या." मिळाली, माझ्याच पदराला टोचलेली होती. नात खो खो हसली. जन्मभर शाळेत शिकवलं, कुठल्या मुख्याध्यापकाला भ्याले नाही, तपासणीला येणाऱ्या साहेबांना भ्याले नाही, आणि बोटभर सुईला भिते, हे तिला सांगून पटायचं नाही. म्हणून तो एक उन्हाळा लिहून ठेवते आहे. वाचायचं तेव्हा वाचेल.

वर्ध्याला आमचं भाड्याचं घर होतं. पुढे ओटा, मग एकामागे एक तीन खोल्या आणि मागे अंगण. वडील कचेरीत कारकून होते. घरात आई, मी आणि वडिलांची थोरली बहीण, कमलआत्या. न्हाणीचं पाणी जिथून वाहत जाई तिथे आत्यानं मोगऱ्याची झाडं लावली होती आणि उन्हाळ्यात ती सगळ्या गल्लीला वेड लावत. संध्याकाळी ऊन जरा कलतं झालं की डोक्यावर ओलं फडकं घेऊन आत्या कळ्या खुडायला बसे. उमललेलं फूल तिला चालत नसे. कळी टपोरी हवी, बंद हवी, उद्या दुपारपर्यंत दम धरणारी हवी. त्या कळ्या ओल्या कापडात गुंडाळून ती माठाला टेकवून ठेवी, म्हणून उन्हाळाभर आमच्या प्यायच्या पाण्यालासुद्धा मोगऱ्याचा वास यायचा. वडील जेवताना कुरकुरत, "पानी पिऊन राह्यलो का अत्तर?" आणि वर कैरीचा तक्कू दोनदा मागून घेत.

आत्या वेण्या घालायची. नुसत्या वेण्या तर सगळ्याच बाया घालतात, ही फुलांची वेणी घालायची. आधी केसांत गंगावन, म्हणजे खोटे केस, मिसळून कंबरेच्या खाली उतरेल अशी तीन पेडांची वेणी. तिच्या पाठीशी केळीच्या सोपटाची पट्टी. मग लांब सुईत दुहेरी दोरा ओवून ती सुई पट्टीतून आणि वेणीतून आरपार काढत एकेक कळी टाचायची. मध्ये मरव्याची हिरवी ओळ, मग गुलाबाच्या पाकळ्या, पुन्हा मोगरा, आणि सगळ्यात खाली जरीचा गोंडा. दोन-अडीच तास लागत. लग्नाच्या मुली, डोहाळजेवणाच्या लेकी, सुट्टीत फोटो काढायला निघालेल्या शाळकरी पोरी, सगळ्या आमच्या मागच्या खोलीत येऊन आत्यापुढे पाठ करून बसत. पुढच्या खोलीत नाही, मागच्या. कारण आत्या विधवा होती. गल्लीला तिचे हात हवे होते, तोंड नको होतं. हे मी आज इतकं सरळ लिहिते, पण तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हेही लिहायला हवं.

आत्याकडे वेणीच्या पाच सुया होत्या. पांढऱ्या खादीच्या तुकड्यावर ओळीनं टोचलेल्या. काम सुरू करताना ती त्या मोठ्यानं मोजे आणि संपल्यावर पुन्हा मोजे, आणि पाच भरल्याशिवाय समोरच्या मुलीला उठू देत नसे. एकदा मी हसले तेव्हा आईनं मला चुलीपाशी नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. आत्याचा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत तापानं गेला. दहाव्यानंतर गादी उन्हात टाकली तर उशीत एक सुई निघाली. अभ्रा शिवताना आत्याच्याच हातून राहिली होती. सासरच्यांनी ती करणी ठरवली. नवऱ्याच्या उशीत सुई घातली, म्हणून नवरा गेला. पत्र्याच्या पेटीत दोन लुगडी घालून तिला बैलगाडीत बसवलं आणि आमच्या दारात आणून सोडलं. "आता पुना हसजो नोको," आई म्हणाली. मी पुन्हा हसले नाही.

त्या उन्हाळ्यात मी बारा वर्षांची होते आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या मंदाताईचं लग्न होतं. मंदाताई मोठी हसरी. लहानपणापासून ती आमच्याकडे पडीक असायची. वेणीला बसली तशी म्हणाली, "आत्या, माहे केस उंदराच्या शेपटावानी. काय जादू करायची ते करा." वेणी तिच्याच घरी, मागच्या खोलीत चालली होती. मांडवात भोंगा किंचाळत होता, अंगणात आचारी बुंदी पाडत होते, तुपाचा आणि मोगऱ्याचा वास एकमेकांत मिसळून डोकं दुखत होतं. आत्या टाचत होती आणि मी दोरे ओवून तिच्या हातात देत होते. वेणी चार बोटं उरली असेल तेवढ्यात मंदाताईची आई धावत आली. "कमलबाई, पाव्हने आले वो. नवरदेवाकडच्या बाया इकडंच येऊन राह्यल्या. तुमी मागच्या दारानं निघा, वाईट वाटून घेऊ नोका."

आत्यानं वाईट वाटून घेतलं की नाही कोण जाणे. ती लगेच उठली. सुई माझ्या हातात देत म्हणाली, "शेवटले दोन फेरे तू घाल. गोंडा बांधजो. अन् सुया मोजून आनजो." आणि पदर डोक्यावरून घेऊन मागच्या दारानं गेली.

मला आभाळ ठेंगणं झालं. पहिल्यांदा खऱ्या नवरीची वेणी माझ्या हातात होती. एक फेरा घातला, दुसरा घातला. गोंडा बांधायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून सुई वेणीतच टोचून ठेवली, तशी आत्याही ठेवायची. गाठ मारते न मारते तोच नवरदेवाकडच्या बाया आत शिरल्या, "नवरी कुठी हाय, पाहू द्या, पाहू द्या" करत त्यांनी मंदाताईला उठवलं, आणि वेणी पाहून सगळ्या "माय वो!" म्हणाल्या. मी खादीचा तुकडा गुंडाळला आणि ते "माय वो" कानात घेऊन घरी पळत गेले.

आत्यानं तुकडा उलगडला. एक, दोन, तीन, चार.

"पाचवी?"

त्या क्षणी मला कळलं पाचवी कुठे आहे. तेव्हाच बोलले असते तर सगळं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मुहूर्ताला अजून तासभर होता. पण तिनं पहिल्यांदाच माझ्यावर भरवसा टाकला होता आणि तो मोडला हे सांगायला माझी जीभ उचलेना. मी म्हणाले, "तुटली. नालीत फेकून देली."

आत्यानं केवढा तरी मोठा श्वास सोडला. "बरं केलं," ती म्हणाली. "तुटकी सुई घरात ठेवाव नाई."

मी तशीच मांडवात परत धावले. त्यानंतरच्या दुपारची मला फक्त मंदाताईची पाठ आठवते, कारण मी दुसरं काही पाहिलंच नाही. अंतरपाट धरला, मी तिच्या मागे. सप्तपदी झाली, मी मागे. नवरदेवाची बहीण करवली म्हणून हातात कऱ्हा घेऊन मध्येच उभी, हलायला तयार नाही. फोटोवाल्यानं मंदाताईमागे मोठा आरसा धरायला लावला, पुढून चेहरा आणि आरशात वेणी असा फोटो घ्यायची तेव्हा पद्धत होती. फोटोवाल्याचा दिवा चमकला आणि आरशात, मरव्याच्या खालच्या ओळीत, काहीतरी बारीक लकाकलं. माझी पाचावर धारण बसली. सगळ्यांनाच ते दिसलं असणार असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. (तो फोटो मंदाताईकडे अजून आहे. मागच्या वर्षी तिच्याकडे गेले तेव्हा भिंग घेऊन पाहिला. मोगऱ्याशिवाय काही दिसत नाही.) पंगतीत ती खुर्चीला टेकून बसली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मग धीर करून मागून वेणीला हात घातला, तर करवलीनं फटकन हातावर मारलं. "फुलं काऊन तोडून राह्यली वं?" सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली.

सुई मंदाताईला टोचेल ही भीती होतीच. पण खरी भीती दुसरी होती. आज ना उद्या ती वेणी सासरी उकलणार. नव्या नवरीच्या केसांत सुई निघणार. वेणी कोणी घातली विचारणार. आणि मग आत्याचं काय होणार हे मला बाराव्या वर्षी तोंडपाठ होतं.

नवरीबरोबर पाठराखीण म्हणून तिची आजी जाणार होती. मी आजीच्या लुगड्याला धरून हट्टच घेतला, मलाही ने. सगळ्यांना वाटलं पोरीचा मंदाताईवर केवढा जीव. आईनं एक फ्रॉक पिशवीत कोंबून दिला. गाडीत मला ड्रायव्हरमागे बसवलं आणि मंदाताई मागे, नवरदेवाशेजारी. वाटेत जाम गावच्या चौकात गाडी चहाला थांबली. पाहुणे आलूबोंडे खायला उतरले, ट्रकांच्या भोंग्यांनी कान किटले, आणि मी संधी साधून मागे गेले. मंदाताई खिडकीला डोकं टेकून झोपली होती, वेणी तिची पाठ आणि सीट यांच्यात दबलेली. मी हळूच ओढून पाहिली. ती "स्स" करून जागी झाली. "काय टोचलं माय?" म्हणत तिनं मान चोळली. तिला तिथेच सांगायला काय झालं होतं मला? पण नवरदेव आलूबोंड्याचा पुडा घेऊन आला आणि मी माझ्या जागेवर जाऊन बसले. माझ्या हातातही कुणीतरी एक बोंडा दिला होता. समुद्रपूरच्या पुढे, त्यांचं गाव येईपर्यंत, तो तसाच हातात होता.

माप ओलांडून मंदाताई घरात आली तेव्हा अजून उजेड होता. तिची सासू पार्वताबाई, उंच, कमी बोलणारी बाई. ती म्हणाली, "पोरगी दमली. वेनी उकला, डोक्स हलकं होईन." नवरदेवाची मावशी पुढे सरसावली आणि वेणी मांडीवर घेऊन कळ्या ओढायला लागली. मी समोर भिंतीला चिकटून उभी होते. गोंडा सुटला. पहिला फेरा सुटला. मग मावशी ओरडली. तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि दोन बोटांत सुई होती.

"सुई! अवं माय, नवरीच्या केसात सुई!"

खोलीतल्या सगळ्या बाया एक पाऊल मागे सरकल्या. मंदाताई दगड झाली होती. मावशीनं विचारलं, वेणी कोणी घातली? आजी ततपप करत म्हणाली, "आमच्या गल्लीतली कमल हाय, लय चांगली बाई, बिचारी विधवा..." आणि तिथेच थांबली. पण व्हायचं ते झालं होतं. "विधवा" शब्दावर बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेव्हा मी बोलले. आवाज माझा नव्हताच जणू. "आत्यानं नाई. मी घातली. माह्या हातून राह्यली."

मला वाटलं होतं, खरं बोललं की संपतं. शाळेत तसंच शिकवतात, मीही पुढे तसंच शिकवलं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "पाह्यलं? सोता दूर राह्यली अन् लेकराच्या हातानं करवून घेतलं!" बाकीच्या बायांनी माना हलवल्या. म्हणजे मी तोंड उघडलं आणि आत्याच्या गळ्यातला फास जास्तच आवळला. मला रडूही येईना. तेव्हा पार्वताबाई पुढे आली. तिनं मावशीच्या हातातून सुई घेतली, पदरानं रक्त पुसलं आणि कुंकवाच्या करंड्यात टाकून झाकण लावलं. "बाकीची वेनी मी उकलते," एवढंच बोलली. तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त दहशत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला आणि मला एसटीत बसवून दिलं. आजी वाटेत दहादा म्हणाली, "घरी काई बोलजो नोको." मी नाही बोलले. पण आजीला स्वतःला कुठे राहवलं असणार. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतून निरोप आला, आमच्या मुलीचं अंग गरम आहे, वेणी राहू द्या. चौथ्या दिवशी शेजारीण मोगरा मागायला यायची ती आली नाही. वडील आईशी कुजबुजत आणि मी गेले की गप्प होत. आत्या मात्र रोजच्यासारखी भाकरी थापत होती, आंबाडीची भाजी निवडत होती. मला वाटलं, तिला माहीत नाही. पाचव्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत गेले तर तिनं पत्र्याची पेटी उघडली होती आणि लुगड्यांच्या घड्या घालत होती.

"कुठी चालली आत्या?"

"कुठी नाई वं," ती म्हणाली. "पाहून राह्यली, भराले किती येळ लागते."

मी मटकन खाली बसले आणि सगळं सांगितलं. तुटली नव्हती, नालीत फेकली नव्हती, मी खोटं बोलले. आत्या मला मारेल असं वाटलं, मारलं असतं तर किती बरं झालं असतं. तिनं घडी घालायचं थांबवलं नाही. फक्त घडी काही केल्या सरळ बसत नव्हती.

त्याच दुपारी मांडवपरतणीला मंदाताई माहेरी आली. बरोबर पार्वताबाई होती. थोड्या वेळानं ओट्यावर पावलं वाजली. बघते तर पार्वताबाई, तिच्यामागे मंदाताई, आणि त्यांच्यामागे अर्धी गल्ली. काय होतं ते बघायला आलेल्या बाया. आई दारात आडवी उभी राहिली. पार्वताबाई म्हणाली, "कमलबाई कोन?"

आत्या बाहेर आली. पुढच्या दारानं ती एरवी येत नसे. पार्वताबाईनं करंडा उघडून सुई तिच्यापुढे धरली. "ही कोनाची?"

"माही," आत्या म्हणाली. एका श्वासात म्हणाली. "पोट्टीचं काई नाई त्याच्यात."

"नाई, माह्या हातून राह्यली!" मी ओरडले.

"तू तवाच सांगतलं," पार्वताबाई माझ्याकडे न बघता म्हणाली. मग ती आमच्या ओट्याच्या पायरीवर बसली, आत्याकडे पाठ करून, भर उजेडात, गल्लीकडे तोंड करून. अंबाड्याचा काटा काढला आणि केस मोकळे सोडले. अर्धे पांढरे होते. "घाला," ती म्हणाली. "याच सुईनं घाला."

गल्लीत कुणी हललं नाही. सवाष्णीच्या केसांना विधवेचे हात, तेही ओट्यावर, सगळ्यांदेखत. आत्या भिंतीला टेकून उभी होती. "नोको वो बाई," ती म्हणाली, "उद्या तुमच्या घरी कोनाचं डोकं दुखलं तरी माह्यावर येईन. मले भेव वाटते."

"मलेबी वाटते," पार्वताबाई म्हणाली. "पाच दिवस झाले, डोयाले डोया नाई. आमची बहीन रोज एक नवं सांगते. घरी बसून भेत राह्यली असती तं हे भेव जल्मभर गेलं नसतं. मनून आली. आता घाला लवकर, माहा धीर सुटून राह्यला."

आईनं माठाजवळच्या कळ्या आणून ठेवल्या. मी दोरा ओवायला घेतला आणि तो तीनदा चुकला. आत्या खाली बसली, पार्वताबाईच्या मागे. तिनं केसांचे तीन पेड केले. पहिली कळी टाचायला सुई मानेजवळ आली तेव्हा मी अगदी शेजारी होते, म्हणून मला दिसलं. पार्वताबाईनं डोळे गच्च मिटले होते, मानेवर काटा उभा होता, आणि दोन्ही मुठींनी तिनं पायरीची कड धरून ठेवली होती. पण मान तिनं मागे घेतली नाही.